भुसभुशीत बर्फावर तरंगणारे यंत्र

गुलमर्गला जाऊन आलेल्या अनेक मराठी घरांतल्या अल्बममध्ये ‘स्नो बाईक’वर, म्हणजे स्नोमोबाईलवर, बसलेला एक तरी फोटो असतो. ती फेरी तुडवून घट्ट झालेल्या बर्फावरची असते. तशीच साधी गाडी रात्रीतून पडलेल्या कमरेएवढ्या ताज्या बर्फात घातली, तर शंभर पावलेही जाणार नाही. पट्टा जोरात फिरतो, मागची बाजू खाली बसते, आणि चालक जितकी रेस वाढवतो तितका खड्डा खोल होत जातो. मग उतरायचे, फावडे काढायचे आणि गाडी उकरून काढायची.

याचे कारण बर्फाच्या वजनात आहे. एक घनमीटर पाणी हजार किलोचे. रॉकी पर्वतरांगांतला कोरडा, ताजा बर्फ घनमीटरला सत्तर-ऐंशी किलोच भरतो. बाकी सगळी हवा. दोनशे किलोंहून जड यंत्र आणि वर बसलेला माणूस त्या हवेवर तरंगत ठेवायचा, हेच डोंगरी स्नोमोबाईल घडवणाऱ्यांचे काम. मला हे इंजिनाच्या ताकदीपेक्षा तोल सांभाळण्याचे काम वाटते.

या यंत्राचा उगम एका घराच्या दुःखाशी जोडलेला आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात व्हालकूर नावाच्या गावी जोसेफ-आर्मां बोंबार्दिए हा मेकॅनिक राहत असे. बर्फावर चालणारी गाडी बनवण्याचे वेड त्याला पोरवयापासूनच होते. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटातल्या संसर्गाने गेला. रस्ते बर्फाखाली होते आणि दवाखाना गाठता आला नाही. 1937 मध्ये त्याला रबर चढवलेले दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा पट्टा यांचे पेटंट मिळाले. आधी डॉक्टर, टपाल, शाळेची मुले नेणाऱ्या मोठ्या गाड्या आल्या; एकट्या-दुकट्याची हलकी ‘स्की-डू’ 1959 मध्ये. आजही प्रत्येक स्नोमोबाईलच्या पोटात दातेरी चाक रबरी पट्टा ओढतेच आहे.

सुधारणा सुरू होते ती या पट्ट्यापासून. मळलेल्या वाटेवरच्या गाडीचा पट्टा 129 किंवा 137 इंच लांब आणि त्यावरची रबरी पाती इंच-सव्वा इंच उंच असतात. डोंगरी गाडीला 154, 165, अगदी 175 इंची पट्टा आणि अडीच ते तीन इंचांची पाती लागतात. आपल्याकडे भातखाचरात चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील चढवतात, त्यामागचा विचार फार वेगळा नाही: भार जास्त जागेवर पसरायचा आणि मऊ थरात पकड शोधायची. पाते बर्फ दाबत मागे सारते आणि त्या दाबल्या गेलेल्या बर्फाच्या आधाराने गाडी पुढे जाते. पाते फार कडक असेल तर ते खड्डा खणते. फार मऊ असेल तर दुमडते.

पण पट्टा बदलला की काम संपले असे नाही. उंच पाती वरच्या पत्र्याला घासतात का ते पाहावे लागते. दातेरी चाकही कधी बदलावे लागते. लांब पट्टा दाट झाडीत चटकन वळत नाही, फिरवायला जास्त ताकद खातो. शिवाय पट्ट्याखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या बर्फानेच गार राहतात; डोंगरापर्यंतच्या घट्ट रस्त्यावर मोकळा बर्फ मिळत नाही, म्हणून तिथे त्या तापून वितळू शकतात. दुसरी बाब कोनाची. पट्टा समोरच्या बर्फाला उभा भिडला तर भिंतीवर धडकल्यासारखा अडतो. तिरका भिडला तर अलगद वर चढतो. म्हणून जाणते कारागीर पट्टा फिरवणारा पुढचा आस खाली सरकवतात.

एक सुधारणा मात्र जवळजवळ फुकट आहे. मागच्या सस्पेन्शनच्या पुढच्या बाजूला नायलॉनचा एक छोटा पट्टा असतो, त्याला ओळीने भोके आणि एक बोल्ट. तो एक भोक सैल केला की नाक उचलले जाते आणि गाडी बर्फावर लवकर चढते. एक भोक आवळला की स्कीवर भार येतो आणि उभ्या चढावर गाडी मागे उलटण्याचा धोका कमी होतो. पाना घ्यायचा, एक भोक हलवायचे, त्याच उतारावर पुन्हा चालवून पाहायचे. हजारो डॉलर खर्च करण्याआधी हे करावे, असे माझे ठाम मत आहे.

पुढच्या स्कीही रुंद घेतात, पण दोन स्कींमधले अंतर मात्र कमी ठेवतात, साधारण 36 इंच. कारण खोल बर्फात हँडलने वळत नाहीत. चालक पाय ठेवायच्या एका बाजूच्या फळीवर उभा राहतो, गाडी स्वतःकडे कलंडवतो आणि त्या कुशीवर तिला वळवतो. फळ्यांना मोठी भोके ठेवतात, म्हणजे बर्फ साचून पाय घसरत नाही.

उंचीचा प्रश्न वेगळाच. दर हजार फुटांमागे साध्या इंजिनाची सुमारे तीन टक्के ताकद घटते. दहा हजार फुटांवर चौथा हिस्सा तरी गेलेला असतो. तेव्हा क्लचमधली वजने हलकी करावी लागतात, नाहीतर इंजिन आपल्या पूर्ण फेऱ्यांवर पोहोचत नाही. गिअरलेस स्कूटरचे रोलर बदलणाऱ्या आपल्या मेकॅनिकला हे लगेच कळेल. काही ग्रॅमचा फरक चढ जिंकून देतो किंवा अर्ध्यात सोडतो. कारखान्यातून टर्बो बसवून येणारे टू-स्ट्रोक इंजिन 2020 मध्ये बाजारात आले, त्याआधी हौशी लोक टर्बो बाहेरून बसवून घेत. मला वाटते, टर्बोच्या आधी वजन उतरवावे: हलकी सीट, हलका सायलेन्सर, अनावश्यक सामान घरी. कमी झालेला प्रत्येक किलो तरंगायला मदत करतो. वाढलेली ताकद चुकीच्या हातात खड्डाच खोल करते. आणि हवा घेणाऱ्या छिद्रांवर जाळी बसवावी, कारण उडणारा बारीक बर्फ इंजिनाचा श्वास कोंडतो. क्लचचा बेल्ट तापून तुटतो, तेव्हा एक बेल्ट जादा सोबत हवाच.

अशी गाडी माणसाला जिथे नेते ते उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचे असतात, आणि बहुतेक हिमस्खलने तिथेच होतात. मार्च 2010 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हेलस्टोकजवळ बोल्डर माउंटनवर स्नोमोबाईलवाल्यांच्या जमावावर हिमकडा कोसळला. दोघे गेले, अनेक जखमी झाले. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची शक्यता चांगली असते, आणि तेवढ्या वेळात पोहोचू शकतात ते फक्त सोबती. म्हणून पट्ट्याच्या आधी गाडलेल्याचा माग देणारा ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडे घ्या, ते वापरायला शिका, आणि गाडीच्या डिकीत न ठेवता अंगावर बांधा. हिमस्खलनात गाडी आणि माणूस एकाच जागी सापडतीलच असे नसते.