दहा-बारा फोटो आणि स्वतःचा आवाज

घरातील जुना अल्बम उघडला, की चेहरे दिसतात. पण तो फोटो कोणत्या दिवशीचा, त्या वेळी घरात काय घडत होते आणि कोपऱ्यात उभा असलेला मुलगा कोणाचा, हे सांगायला माणूस लागते. आजी असते तोवर अल्बम बोलतो, ती गेली की मुका होतो. फोटो आणि तो दाखवून सांगणारा आवाज यांची फारकत होऊ नये, या साध्या विचारातून 'डिजिटल स्टोरीटेलिंग' हा प्रकार तीन दशकांपूर्वी अमेरिकेत आकाराला आला आणि पुढे इंटरनेटमुळे जगभर पसरला.

त्याचे साहित्य अगदी मोजके असते. दहा-बारा स्थिर छायाचित्रे, सांगणाऱ्याच्या स्वतःच्या आवाजातील निवेदन, हवे असल्यास मागे थोडे संगीत आणि एकूण लांबी दोन ते तीन मिनिटे. त्यात अभिनेते नसतात की व्यावसायिक निवेदक नसतो. ज्याच्यावर प्रसंग गुदरला, त्यानेच तो सांगायचा आणि संगणकावर त्याची जुळणीही त्यानेच करायची.

शेकोटीपासून संगणकापर्यंत

डेना अ‍ॅचली हे अमेरिकी कलावंत १९९०च्या दशकाच्या आरंभी 'नेक्स्ट एक्झिट' नावाचा रंगमंचीय प्रयोग करीत. पडद्यावर शेकोटीचे चित्र पेटलेले असे. तिच्याजवळ बसून ते स्वतःच्या आयुष्यातील गोष्टी सांगत आणि मागे जुने फोटो व चित्रफितींचे तुकडे उमटत. प्रेक्षकांनाही आपली गोष्ट अशी सांगता यावी, यासाठी अ‍ॅचली, नाट्यक्षेत्रातील जो लॅम्बर्ट आणि नीना मलन यांनी १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक केंद्र सुरू केले. ते पुढे बर्कले येथे 'सेंटर फॉर डिजिटल स्टोरीटेलिंग' या नावाने ओळखले गेले आणि २०१५ मध्ये त्याचे नाव 'स्टोरीसेंटर' झाले.

या केंद्राच्या नेहमीच्या तीन दिवसांच्या कार्यशाळेत यंत्राचा क्रम उशिरा लागे. आधी सगळे जण गोल करून बसत आणि प्रत्येक जण आपली गोष्ट इतरांना सांगे. ऐकणाऱ्यांच्या प्रश्नांतून गोष्टीचा गाभा हाती येई. त्यानंतर लेखन, ध्वनिमुद्रण आणि शेवटी फोटोंची जुळणी.

चित्र दाखवून गोष्ट सांगणे महाराष्ट्राला मुळीच नवे नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे चित्रकथी पोथीतील एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन सांगत आले आहेत. कल्याणच्या पटवर्धनांनी १८९०च्या दशकात काचेवर रंगविलेली चित्रे प्रकाशझोताने पडद्यावर पाडून 'शांबरिक खरोलिका'चे खेळ केले. फरक आहे तो सांगणाऱ्यात. चित्रकथी देवादिकांची कथा सांगे. येथे सांगणारा आणि कथानायक एकच असतो.

दोन मिनिटांचे बंधन

ब्रिटनमध्ये हा प्रकार रुजविण्यात छायाचित्रकार डॅनियल मेडोज यांचा वाटा मोठा. १९७०च्या दशकात त्यांनी एका दुमजली बसमधून इंग्लंडभर फिरून सामान्य माणसांचे फोटो मोफत काढून दिले होते. फोटो जमले, पण त्या माणसांचे बोलणे मागेच राहिले. ही उणीव २००१ मध्ये सुरू झालेल्या 'कॅप्चर वेल्स' या उपक्रमाने भरून काढली. बीबीसी आणि कार्डिफ विद्यापीठ यांच्या सहकार्याने २००८ पर्यंत चाललेल्या या उपक्रमात वेल्समधील सामान्य रहिवाशांनी शेकडो लघुकथा तयार केल्या आणि त्या बीबीसीच्या संकेतस्थळावर झळकल्या.

मेडोज यांचा दंडक होता सुमारे अडीचशे शब्द, डझनभर चित्रे आणि दोन मिनिटे. या प्रकाराची तुलना ते सुनीताशी करीत. चौदा ओळींचे बंधन कवीला नेमके बोलायला लावते, तसे हे बंधन प्रथमच लिहू पाहणाऱ्याला सावरते. 'माझे आयुष्य' सांगायला बसलेला माणूस गोंधळतो; वडिलांच्या एका सायकलीविषयी अडीचशे शब्द मात्र कोणीही लिहू शकतो. त्या सायकलीबरोबर वडीलही येतातच.

साधन एक, गरजा अनेक

वृद्धांसाठी हा आठवणींचा ठेवा असतो, तर शाळेत तो लेखनाचा धडा ठरतो. चित्रात जे दिसतेच आहे ते शब्दांत पुन्हा सांगू नये, हे मुलांना जुळणी करताना आपोआप कळते.

रुग्णांची गरज निराळी असते. ब्रिटनमधील 'पेशंट व्हॉइसेस' या उपक्रमात २००३ पासून रुग्ण, त्यांचे नातेवाईक, परिचारिका आणि डॉक्टर यांनी आपल्या कथा तयार केल्या व त्या आरोग्यसेवेतील प्रशिक्षणात दाखविल्या गेल्या. केसपेपरवर आजाराची नोंद असते. निदान ऐकल्यानंतर घरी परतण्याचा रस्ता कसा वाटला, याची नसते. ती नोंद या दोन-तीन मिनिटांत ऐकू येते.

हिंसाचाराला तोंड दिलेल्या व्यक्तींसाठी १९९९ मध्ये 'सायलेन्स स्पीक्स' हा उपक्रम सुरू झाला. येथे स्थिर चित्रांचा वेगळाच उपयोग होतो. चालत्या चित्रफितीत चेहरा टाळणे अवघड. येथे मात्र हातांचे, दाराचे किंवा रिकाम्या अंगणाचे छायाचित्र लावून, नाव बदलूनही खरी गोष्ट स्वतः सांगता येते.

गोष्ट कोणाच्या मालकीची?

खरी अडचण येथेच सुरू होते. कार्यशाळेच्या आपुलकीच्या वातावरणात सांगितलेली गोष्ट इंटरनेटवर गेली, की ती शेजारी, वरिष्ठ, दुरावलेला पती अशा कोणाच्याही हाती पडू शकते. तिच्या प्रती निघाल्या, की ती मागे घेणे जवळजवळ अशक्य. शिवाय घरच्या फोटोत इतरही माणसे असतात आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. म्हणूनच 'पेशंट व्हॉइसेस'ने संमती दोन टप्प्यांत घेण्याची पद्धत ठेवली. एक कार्यशाळेच्या वेळी, तर दुसरी कथा पूर्ण झाल्यावर, ती पाहून शांतपणे विचार केल्यानंतर. दुसऱ्या वेळी नकार देण्याची मुभा नसेल, तर पहिल्या होकाराला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरा धोका साधनांच्या अल्पायुष्याचा. अनेकांनी ज्यावर पहिली चित्रकथा जुळविली, तो 'विंडोज मूव्ही मेकर' मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये बंद केला. इंटरनेटवरील असंख्य चित्रकथा ज्यावर चालत, त्या 'फ्लॅश'चा आधार अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेतला. तयार कथेबरोबरच मूळ फोटो, ध्वनिमुद्रण आणि लिहिलेला मजकूर वेगवेगळे जपून ठेवले, तर साधन गेले तरी गोष्ट पुन्हा उभी करता येते.

आज ही सारी जुळणी खिशातील मोबाइलवर होऊ शकते. फोटो बहुतेक घरांत आहेतच. आवाज मात्र ज्याचा त्यालाच द्यावा लागतो, आणि तो देणारे माणूस समोर बसलेले असतानाच टिपून घ्यावा लागतो.