शेंगा फोडण्याचे यंत्र व माणसाचे बळ

खरिपाची पेरणी तोंडावर आली की भुईमूग पिकविणाऱ्या गावांत बियाण्याच्या शेंगा फोडण्याचे काम घरोघरी निघते. शेंगा फार आधी फोडून ठेवल्यास दाण्याची उगवणशक्ती घटते. म्हणून हे काम अखेरच्या काही दिवसांतच उरकावे लागते. एका हेक्टरास सुमारे १०० किलो दाणे लागतात. शेकडा ७० चा उतारा धरला तर त्यासाठी १४० किलोंहून अधिक शेंगा फोडणे आले. हाताने फोडताना एका बाईकडून तासाला एकदोन किलो दाणे निघतात आणि बोटे सोलवटून जातात.

हा त्रास वाचविण्यासाठी काही ठिकाणी शेंगा भिजवून मऊ करतात. ही चाल घातक आहे. ओलसर शेंगेत बुरशी धरते व तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन हे यकृतास बाधणारे विष निर्माण होते. भाजल्याने ते पुरते नाहीसे होत नाही. घाण्यात गेले तर पेंडीत राहते व पेंडीतून दुभत्या जनावराच्या दुधात उतरते.

कोरड्या शेंगा फोडण्यासाठी दांड्याचे हातयंत्र उपयोगी पडते. लांबट भोकांच्या अर्धगोल चाळणीत शेंगा घालून दांडा पुढेमागे हलविला, की दांड्याखालचे खरबरीत तुकडे शेंगांस चाळणीवर घासून फोडतात. दाणे व टरफले खाली पडतात. ती सुपाने पाखडून घ्यावीत. सारे यश चाळणी व तुकडे यांमधील अंतरावर असते. अंतर कमी झाल्यास दाणे फुटतात, वाढल्यास शेंगा तशाच राहतात. जात बदलली की पसाभर शेंगा फोडून अंतर पुन्हा जुळवावे, आणि साल निघालेले दाणे बियाण्यातून वेचून काढावेत.

अशी यंत्रे घडविताना माणसाचे बळ आधी मोजले पाहिजे. निरोगी माणूस बराच वेळ न थकता सुमारे ७५ वॅट, म्हणजे अश्वशक्तीचा दहावा हिस्सा, एवढीच शक्ती देऊ शकतो, तीही पायांनी. हातांची त्याहून कमी. त्यामुळे शेंगा फोडणे किंवा मक्याची कणसे सोलणे ही कामे माणसाच्या आवाक्यातली आहेत. बारीक पीठ दळण्याचे तसे नाही. ज्या गावात विजेची गिरणी आहे तेथे पायडलची चक्की नेऊन ठेवणे म्हणजे बायांच्या गळ्यात पुन्हा जाते बांधणेच होय.

क्षणभर मोठा जोर लागणाऱ्या कामास जड चाकाची जोड देता येते. एक मिनिट पायडल मारून चाकात साठविलेली शक्ती पाच सेकंदांत वापरली, तर घर्षणाची घट वगळता बारापट जोर मिळतो. नागपूरचे प्राध्यापक जे. पी. मोडक यांनी याच तत्त्वावर विटा पाडण्याचे यंत्र तयार केले होते. चाकाचे वजन मधोमध न ठेवता कडेला ठेवावे. तेवढ्याच वजनात शक्ती अधिक साठते.

गटाने यंत्र विकत घेण्यापूर्वी ग्रामसेवकाने ते चालविणाऱ्या बायांच्याच हाती अर्धा तास द्यावे. दांडा खांद्यावर जात असेल तर तो गावच्या लोहाराकडून आखूड करून घ्यावा. काम करता करता त्यांना सहज बोलता येत नसेल, तर एका घाण्यात शेंगा कमी घालाव्यात.