विश्लेषण : अपघातात कारची सीटच मोडली, तर जबाबदार कोण?

मागून धडक देणारा चालक दोषी, हे उघडच असते. पण त्या धडकेत कारची सीट मागे कोसळली आणि त्यामुळे मागे बसलेल्याचा जीव गेला, तर कार कंपनीकडून भरपाई मागता येते का? अमेरिकेतील न्यायालयांचे उत्तर 'हो' असे आहे. भारतातही २०२० पासून कायद्याने हा मार्ग खुला केला आहे.

टेनेसीतील खटला काय होता?

२००१ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात एका पिकअपने डॉज कंपनीच्या 'ग्रँड कॅरव्हॅन'ला मागून धडक दिली. पुढच्या प्रवाशाची सीट मागे कोसळली, त्याचे डोके मागच्या आठ महिन्यांच्या बाळावर आदळले आणि बाळ दगावले. ज्युरीने ५० लाख डॉलरची भरपाई ठरवली; दोष मात्र पिकअपचालक आणि उत्पादक डाइम्लरक्रायस्लर यांच्यात निम्मा-निम्मा वाटला. शिवाय ९.८ कोटी डॉलरची दंडात्मक भरपाई लादली. पुढे ती बरीच कमी झाली, तरी २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १.३ कोटी डॉलर कायम ठेवले.

चूक चालकाची, मग कंपनी का अडकते?

'दुसऱ्या धडके'मुळे. पहिली धडक वाहनांची, दुसरी आतल्या माणसाची कारच्या भागांशी. अपघात होणारच, हे उत्पादकाला ठाऊक असते. म्हणून त्यात माणूस शक्य तितका वाचेल अशी रचना करणे त्याचे कर्तव्य आहे, असे अमेरिकी न्यायालयाने १९६८ मध्ये जनरल मोटर्सविरुद्धच्या खटल्यात सांगितले.

कंपन्यांचा बचाव काय?

थोडी झुकणारी सीट धक्का शोषते, मान वाचवते आणि सरकारी मानकांतही बसते, असा त्यांचा युक्तिवाद असतो. पण सीटच्या मजबुतीचे अमेरिकी मानक १९६० च्या दशकातले. ते पाळले म्हणून कंपनी आपोआप सुटत नाही.

भारतात काय तरतूद आहे?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'उत्पादन दायित्वा'चे स्वतंत्र प्रकरण आहे. निर्मितीतील किंवा रचनेतील दोषामुळे इजा वा मृत्यू झाल्यास उत्पादक जबाबदार ठरतो. त्याआधीच्या कायद्याखालील एका प्रकरणातही, क्रेटाच्या एअरबॅग अपघातात उघडल्या नाहीत म्हणून दिलेली तीन लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कायम ठेवली. धडकेचा वेग आणि जोर यांचे गणित मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असे न्यायालयाने सुनावले.

ग्राहकाने काय जपावे?

• सर्वात मोठा पुरावा म्हणजे मोडलेली गाडी. विमा कंपनीने 'टोटल लॉस' ठरवून ती भंगारात गेली, की दोष सिद्ध करणे जवळपास अशक्य होते. तपासणीआधी ती हातची सोडू नका.

• सीट, तिचे रुळ, पट्टा आणि लहान मुलाची सीट यांचे जवळून फोटो काढा. पंचनामा व वैद्यकीय कागद जपा.

• ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षे. मोटार अपघात न्यायाधिकरणातील दावा वेगळा. तिथे प्रश्न धडक कोणाच्या चुकीने झाली हा असतो, सीट का मोडली हा नसतो.

• माहितीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : १९१५.