उरलेल्या पोलादाचा हिशेब

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या टूलरूममध्ये साच्याचा पोलादी ठोकळा व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर) चढला की पहिला मान मोठ्या कटरचा. २० मिलिमीटरचा कटर भराभर माल काढतो, पण पॉकेटच्या कोपऱ्यात १० मिलिमीटर त्रिज्येची गोलाई सोडतो. ड्रॉइंगमध्ये तिथे ३ मिलिमीटर त्रिज्या असेल, तर कर्णावर जवळजवळ ३ मिलिमीटर जाडीचं पोलाद उरतं. तेवढंच काढायला लहान कटर पाठवायचा, बाकी पॉकेटमध्ये त्याला फिरवायचं नाही, हे रेस्ट मशीनिंग.

याची गरज कटरच्या ताठपणातून येते. होल्डरबाहेरची लांबी तीच ठेवून व्यास निम्मा केला की ताठपणा सोळापट घटतो. असा कटर अख्ख्या पॉकेटवर फिरवला तर बराच वेळ नुसती हवा कापतो. थेट फिनिशिंगला लावला, तर भिंतीवरचा पातळ थर काढता काढता एकदम कोपऱ्यातल्या जाड मालात घुसतो; वाकतो, किंचाळतो, कधी तुटतोही. म्हणून कोपरे फिनिशिंगच्या आधी मोकळे करायचे.

उरलेला माल सॉफ्टवेअरला दोन प्रकारे सांगता येतो. सरळ भिंतींच्या पॉकेटला आधीच्या कटरचा व्यास पुरतो. तो खऱ्यापेक्षा किंचित मोठा सांगितला, की नवा टूलपाथ जुन्या कामावर थोडा चढतो आणि मध्ये कड राहत नाही. उतरत्या, वळणदार पृष्ठभागावर मात्र रफिंगच्या पायऱ्या उरलेल्या असतात. त्या फक्त स्टॉक मॉडेलमध्ये, म्हणजे उरलेल्या मालाच्या संगणकीय प्रतिकृतीत दिसतात, म्हणून तिथे तेच वापरावं. रेस्टच्या टूलपाथमध्ये भिंतीवर रफिंगपेक्षा केसभर जास्त माल ठेवावा, म्हणजे लहान कटर आधीच कापलेल्या भिंतीला घासत जात नाही.

काही ठिकाणी ही पद्धत नकोच. कोपऱ्याची त्रिज्या मोठ्या कटरच्या त्रिज्येहून मोठी असेल, तर उरण्यासारखं काही नसतं. उथळ, लहान पॉकेट एकाच कटरने होत असेल, तर टूल बदलण्यात वेळ घालवू नये. अगदी धारदार आतला कोपरा कुठलाच गोल कटर देत नाही. ते काम ईडीएमचं, म्हणजे ठिणग्यांनी धातू काढणाऱ्या मशीनचं.

सगळा भरवसा हिशेबावर आहे. संगणकाला उरलेला माल कमी दिसला आणि ठोकळ्यावर तो जास्त असला, तर कटर तो पूर्ण फीडने अंगावर घेतो. म्हणून रफिंगमध्ये कटर, स्टेपडाऊन किंवा सोडलेला माल, काहीही बदललं, तर रेस्टचा टूलपाथ पुन्हा काढल्याशिवाय सायकल स्टार्ट दाबू नका.