चार किलोंचा चढ

आधी कायद्याचं उरकून घेऊ. शहापूर-मुरबाडच्या रानात आज कुणी खांद्यावर बंदूक टाकून निघालं, तर ती दोन किलोंची की पाच, हा प्रश्न वनखात्याच्या गाडीत बसल्यावर सुचेल. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद केली. शेताची नासधूस करणाऱ्या रानडुकरासारख्या जनावरासाठी सवलत आहे, पण तीही अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनं. मग डोंगरातल्या बंदुकीचं वजन हा विषय काढायचाच कशाला? कारण त्यात एक गमतीदार भांडण आहे. चढताना बंदूक हलकी हवी असते आणि झाडताना जड. दोन्ही वेळा माणूस तोच, बंदूकही तीच. माहुलीपासून नाणेघाटापर्यंत डोंगर ज्यांनी ज्यांनी ओझं घेऊन चढला, त्यांच्या वाट्याला हे भांडण या ना त्या रूपात आलंच.

धक्का कुणाला बसतो?

जुन्या पोलिसांच्या खांद्यावर दिसायची ती थ्री-नॉट-थ्री साधारण 4 किलोंची. भारतीय लष्कराची इन्सास रायफलही 4 किलोंच्या थोडी वरच. पहिल्या महायुद्धातली बंदूक आणि कारगिलच्या वेळची बंदूक, मध्ये सगळं शतक बदललं. काटा मात्र चारच्या आसपास घुटमळत राहिला. हे उगाच नाही.

गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक तेवढ्याच जोरानं मागे येते. न्यूटनसाहेबांचा नियम, त्याला वशिला चालत नाही. काडतूस तेच ठेवलं आणि 4 किलोंची बंदूक 3 किलोंवर आणली, तर खांद्यात घुसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशानं वाढते. म्हणजे चढावर वाचवलेला एक किलो चाप ओढताना व्याजासकट परत करावा लागतो. धक्क्याची धास्ती बसलेला माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो आणि नेम गेला.

दुसरी गोष्ट धापेची. छातीवरचा चढ संपवून माणूस वर पोचला की हृदय धाडधाड उडत असतं आणि नळीचं टोक त्या तालावर नाचतं. जड बंदूक सहजासहजी हलत नाही, म्हणून ती नाच कमी करते. पण ती जड असल्यामुळेच धाप जास्त लागलेली असते! पातळ नळीची हलकी बंदूक वर ताजंतवानं पोचवते खरी, मात्र चार-सहा गोळ्यांत तापते आणि गोळ्या इकडेतिकडे जायला लागतात. डोंगरात फिरणारे जाणकार त्यामुळे नुसत्या आकड्याला भुलत नाहीत. वजन दोन हातांच्या मध्ये येतं की नळीच्या टोकाशी लोंबतं, हे आधी बघतात. दुर्बीण, पट्टा आणि भरलेली काडतुसं धरूनच बंदूक तोलतात. दुकानातला आकडा नेहमी उपाशीपोटीचा असतो.

तोफेचं पिल्लू

जड बंदुकीचा नमुना बघायचा तर सॅम्युएल बेकर यांची ‘बेबी’. एकोणिसाव्या शतकातला हा इंग्रज शिकारी आफ्रिकेत वापरायचा ती बंदूक 20 पौंडांची, म्हणजे 9 किलोंची होती. अर्ध्या पौंडाचा गोळा फेकायची. बरोबरच्या अरबांनी तिचं नाव ‘तोफेचं पिल्लू’ ठेवलं होतं. बेकर धिप्पाड गडी, पण बार उडाला की तोही गरकन फिरायचा आणि ती झाडायची वेळ शक्यतो येऊ नये, असं त्यालाच वाटायचं.

उलट टोकाला वॉल्टर बेल. यानं हजारावर हत्ती मारले आणि त्यातले बहुतेक .275 रिग्बीसारख्या छोट्या, हलक्या रायफलनं. हत्तीला छोटी गोळी? बेलनं हत्तीच्या कवटीचा अभ्यास केला होता आणि मेंदू कुठे असतो ते त्याला पक्कं ठाऊक होतं. आज हा आकडा वाचून पोटात गोळा येतो, ते सोडा; बंदुकीच्या वजनाची उणीव त्यानं डोक्यानं भरून काढली एवढं खरं.

हीच .275 रिग्बी पहाडात गाजवली ती जिम कॉर्बेट यांनी. 1907 साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्यांना ती भेट मिळाली होती. पुढे 1930 मध्ये चौगडच्या वाघिणीच्या मागावर असताना कॉर्बेटना एका पाखराची दोन अंडी सापडली. अंड्यांचा छंद जुना, म्हणून ती डाव्या हातात जपून घेतली आणि निघाले. एका खडकाला वळसा घालून बघतात तर हाकेच्या अंतराच्याही आत वाघीण बसलेली. अंडी टाकली असती तर हालचाल झाली असती. मग त्यांनी उजव्या हातानं, एकट्या हातानं, इंचाइंचानं बंदूक फिरवली आणि गोळी घातली. इथे बेकरची ‘बेबी’ असती तर कुमाऊँची गोष्ट वाघिणीला सांगावी लागली असती.

एक खुलासा मात्र केला पाहिजे. साहेबाच्या शिकारीत वजनाचा प्रश्न बऱ्याचदा साहेबाला पडतच नसे. बंदूक वाहायला वेगळा गडी असे, हाकारे घालायला आणखी पन्नास. पुस्तकात फोटो साहेबाचा आणि चढ गड्याच्या पायांचा.

तोफ चढली पुरंदरावर, खाली झाला माहुली

शहापूरजवळचा माहुली ठाणे जिल्ह्यातला उंच किल्ला, साधारण 2800 फूट. पळसगड, माहुली आणि भंडारगड अशी तीन भावंडं एकाच डोंगरावर. शहाजीराजांनी 1636 मध्ये शेवटचा आसरा घेतला तो इथेच.

या गडाचं नशीब एकदा दूरच्या डोंगरावर ठरलं आणि तेही वजनानं. 1665 मध्ये मिर्झाराजे जयसिंह आणि दिलेरखान यांनी पुरंदरला वेढा दिला. शेजारच्या वज्रगडावर मारा करायला मोठ्या तोफा डोंगरावर चढवायच्या होत्या. एकेक तोफ वर ओढायला दिवसच्या दिवस लागले, पण त्या चढल्या, वज्रगड पडला आणि पुढे तह झाला. त्या तहात शिवाजी महाराजांनी 23 किल्ले दिले, त्यांत माहुली होता. माहुलीच्या पायथ्याला एकही तोफ न लागता माहुली गेला!

परत घेतानाची तऱ्हा अगदी उलटी. 1670 मध्ये मराठे तोफा ओढत बसले नाहीत. रात्री शिड्या-दोर घेऊन कडा चढले. पहिल्या खेपेला किल्लेदार मनोहरदास गौड सावध निघाला आणि मराठ्यांची मोठी हानी झाली. पण त्याच वर्षी गड पुन्हा हाती आला. हलकं ओझं नेहमी जिंकून देतं असं नाही, मात्र दुसऱ्यांदा चढून यायला दम शिल्लक ठेवतं.

तेव्हाच्या बंदुकीचं खरं दुखणं वजन नव्हतंच, पाऊस होता. तोड्याची बंदूक म्हणजे धुमसत्या वातीनं दारू पेटवायची. आमच्या भागात आषाढात चूल पेटायची मारामार, तिथे वात कुठली धरायला!

मुरबाडच्या बाजूला सिद्धगडचं रान आहे. क्रांतिकारक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील 2 जानेवारी 1943 ला इथेच पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांच्या आझाद दस्त्यानं इंग्रज सरकारला सगळ्यात जास्त झोंबवलं ते बंदुकीनं नव्हे. मुंबईला वीज नेणारे लोखंडी मनोरे त्यांनी कापून पाडले. मनोरा टनावारी वजनाचा, आणि तो पाडणारी करवत झोळीत मावणारी.

वर मारा की खाली, गोळी वरच

ही गोष्ट भल्याभल्यांना खोटी वाटते. कड्याच्या टोकावरून दरीत नेम धरला तर गोळी निशाण्याच्या वरून जाते. बरं, खालून वर धरला तर? तरीही वरूनच. कारण गोळी खाली किती ओढली जाणार हे मुख्यतः आडव्या अंतरावर ठरतं, तिरक्या अंतरावर नाही. 45 अंशांच्या उतारावर 200 मीटर दूर दिसणारं निशाण गोळीच्या हिशेबात 141 मीटरच असतं. 200 चा अंदाज धरून नेम उचलला की चुकला. आजोबा डोंगराच्या कड्यांत असे कोन पावलोपावली भेटतात. तिथली माकडं दगडांच्या बाबतीत हे गणित कुठे शिकली, देव जाणे.

सपाटीवर सगळं उलटं

चढ नसेल तर वजन कुणाला नको असतं? ऑलिंपिकच्या नेमबाजांना तर ते हवंच असतं; इतकं की नियमानं वरची मर्यादा घालावी लागली. 10 मीटर एअर रायफलला साडेपाच किलोंपेक्षा जड बंदूक चालत नाही. आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोला जगज्जेता झाला तो याच प्रकारात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक आणलं, त्या 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये मर्यादा 8 किलोंची.

आणि बायथलॉन? बर्फावर स्की घालून पाठीवर रायफल घेऊन चढउतार तुडवायचे, मध्येच थांबून नेम मारायचा. तिथे नियम खालची मर्यादा घालतो: साडेतीन किलोंपेक्षा हलकी बंदूक नको. सपाटीवर माणूस वजन वाढवायला बघतो आणि चढावर कमी करायला. दोन्हीकडे पंच काटा घेऊन उभे.

बिबट्याच्या गळ्यातला हिशेब

‘आजोबा’ नावाचा बिबट्या ठाऊक असेलच. त्याच्यावर 2014 मध्ये सिनेमाही आला. 2009 मध्ये विद्या अत्रेय आणि वनखात्याच्या लोकांनी त्याला जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. गडी रेल्वेचे रूळ आणि महामार्ग ओलांडत, खाडी पार करून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात हजर. सुमारे 120 किलोमीटर.

जनावराच्या गळ्यात पट्टा बांधताना एक संकेत पाळतात. पट्टा त्याच्या वजनाच्या साधारण 3 ते 5 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, म्हणजे चाल बिघडत नाही. हाच संकेत शिकाऱ्याला लावून बघा. 65 किलोंच्या माणसाला 5 टक्क्यांनी सव्वातीन किलो मिळतात, 3 टक्क्यांनी दोनही नाहीत. थ्री-नॉट-थ्री सरळ बाद. बिबट्याची आपण जेवढी काळजी घेतो तेवढी शिपायाची कधी कुणी घेतली नाही.

बंदूक गेली, लेन्स आली

तानसा अभयारण्यात 2014 मध्ये रानपिंगळा दिसला आणि पक्षीवेड्यांची रांग लागली. शंभरेक वर्षं हा पक्षी संपला असंच धरलं जात होतं. 1997 मध्ये तो नंदुरबारकडे, शहाद्याच्या भागात पुन्हा सापडला. वीतभर उंचीचा हा जीव बघायला येणाऱ्याच्या खांद्यावर काय असतं? 600 मिलिमीटरची लेन्स. कॅननची 1999 मधली लेन्स 5.36 किलोंची होती, 2012 मध्ये ती 3.92 वर आली, 2018 मध्ये 3.05 वर. बंदूकवाल्यांना शंभर वर्षांत जमलं नाही ते लेन्सवाल्यांनी वीस वर्षांत केलं. कारण उघड आहे, लेन्स मागे धक्का मारत नाही. हलकी केली की नुसता फायदा. किंमत मात्र खांद्याऐवजी खिशाला धक्का देते.

पायातलं वजन

एवढं ग्रॅमवारी मोजून बंदूक नाहीतर लेन्स हलकी करणारे लोक पायात दणदणीत बूट चढवतात, याला काय म्हणावं? पायातला एक किलो पाठीवरच्या एका किलोच्या चार ते सहापट शक्ती खातो, असं लष्करी चाचण्यांत दिसलं आहे. प्रत्येक पावलाला तो उचलावा लागतो ना. गोरखगडाच्या खोदीव पायऱ्यांवर शहरी पाहुणा बुटांसकट हाशहुश करत असताना पायथ्याच्या देहरीचा पोरगा चपलेवर पुढे निघून जातो, त्यात हे गणितही आहेच. ठाकर-कातकरी गडी कोयता हातात घेत नाहीत, कमरेच्या आकडीत खोचतात. वजन अंगाच्या मध्यावर, हात मोकळे.

आणि खांदा, कंबर सगळं सोडून वजन थेट डोक्यावर घेतलं तर? 1986 मध्ये शास्त्रज्ञांनी केनियातल्या बायकांची चाचणी घेतली. स्वतःच्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंतचं ओझं त्या डोक्यावर घेऊन चालल्या आणि त्यांना जादा शक्ती जवळजवळ लागलीच नाही. पाठीवर ओझं घेतलेल्या सैनिकांना हे जमत नाही. नेपाळच्या भारवाह्यांचं 2005 मधलं मोजमाप तर चक्रावणारं आहे: पुरुष सरासरी आपल्या वजनाच्या 93 टक्के ओझं घेऊन नामचे बाजारचा चढ चढत होते. एवढ्या वजनात डझनभर रायफली आल्या असत्या.

शहापूर तालुक्यात याची प्रत्यक्ष चाचणी दर उन्हाळ्यात चालते. तानसा, भातसा, वैतरणा यांच्या पाण्यावर मुंबई पोसते आणि तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. 15 लिटरचा भरलेला हंडा म्हणजे नुसतं पाणीच 15 किलो, वर धातूचं वजन वेगळं: चार थ्री-नॉट-थ्री एकाच डोक्यावर, खाली एक चुंबळ. 50 किलोंच्या बाईला केनियाच्या 20 टक्क्यांच्या हिशेबानं 10 किलो फुकट पडतात, उरलेल्याचा भार तिचाच. शिवाय केनियाची ती चाचणी सपाटीवर झाली होती.