जुन्या मोटारीला दुसरा गिअरबॉक्स : आधी जुळणी, मग सौदा

मोटार दुरुस्ती आणि जुन्या सुट्या भागांचा व्यापार हा आपल्या समाजातील असंख्य कुटुंबांच्या रोजीरोटीचा आधार आहे. मुंबईतील कुर्ल्याच्या बाजारापासून तालुक्याच्या गॅरेजपर्यंत हा धंदा हाताच्या कसबावर आणि तोंडच्या शब्दावर चालतो. या धंद्यात पैसा आणि पत दोन्ही हमखास बुडवणारा एक सौदा आहे, तो म्हणजे न जुळणाऱ्या गिअरबॉक्सचा.

मारुती ८०० रस्त्यावर आली १९८३ च्या डिसेंबरात आणि तिचे उत्पादन थांबले २०१४ साली. अॅम्बॅसडरचे उत्पादनही त्याच वर्षी बंद पडले. अशा गाडीचा बॉक्स गेला की गिऱ्हाईक जुन्या बाजाराकडे वळते. तेथे “इंजिन एकच आहे, बसेल” असे सहज सांगितले जाते. नेमकी येथेच चूक होते.

मारुती ८०० आणि ओम्नी या दोन्ही गाड्यांचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. परंतु ८०० चे इंजिन आडवे बसते व पुढची चाके फिरवते. ओम्नीचे इंजिन उभे, पुढच्या सीटखाली असते व प्रॉपेलर शाफ्टने मागची चाके फिरवते. ८०० च्या बॉक्सच्या पोटातच डिफरन्शियल असते, ओम्नीचे मागच्या एक्सलमध्ये असते. म्हणजे इंजिन एक असूनही बॉक्स पूर्ण वेगळे.

अॅम्बॅसडरची गोष्ट याच्या उलट आहे. जुन्या गाडीत १४८९ सीसीचे इंजिन व चार गिअर होते. १९९० च्या दशकात इसुझूचे १८१७ सीसी पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरांचा बॉक्स आला. येथे नाव एकच, परंतु एकाचा बॉक्स दुसऱ्याच्या इंजिनाला तसाच लागत नाही. शिवाय जुन्या गाडीचा गिअर स्टिअरिंगजवळ आणि नव्या बॉक्सचा खाली, तेव्हा दांडे व जोडण्याही बदलतात. म्हणून गाडीच्या नावावर किंवा इंजिनाच्या सीसीवर सौदा करू नये.

बाजारात जाताना जुनी क्लच प्लेट आणि जुना एक्सल सोबत न्यावा व पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१) बेल हाऊसिंगचे तोंड : इंजिनाच्या मागच्या तोंडावर जाड पुठ्ठा दाबून बोल्टच्या भोकांचा व डॉवेल पिनांचा छाप घ्यावा आणि तो नव्या बॉक्सवर ठेवून पाहावा. स्टार्टर बसण्याची जागाही तपासावी.

२) इनपुट शाफ्ट : जुनी क्लच प्लेट शाफ्टच्या दात्यांवर सरकवून पाहावी. ती अडकता कामा नये आणि खुळखुळताही कामा नये. शाफ्टची लांबी मोजावी. तो लांब असल्यास टोक क्रँकला भिडते व बेअरिंग जाते.

३) एक्सल : पुढची चाके फिरवणाऱ्या गाडीत एक्सलचे बॉक्सकडील टोक बसते का, दात्यांची संख्या तीच आहे का, हे दोन्ही बाजूंनी पाहावे.

४) फाउंडेशन, गिअरचे दांडे व स्पीडोमीटर : बॉक्स धरणारे ब्रॅकेट, दांड्यांच्या जोडण्या आणि स्पीडोमीटर केबलवर आहे की सेन्सरवर, हे पाहावे.

५) रेशो : दिसायला सारख्या बॉक्सचे दातेही वेगळे असू शकतात. ८०० सारख्या बॉक्समध्ये एक बाजू पक्की धरून टॉप गिअर टाकावा, शाफ्ट फिरवावा आणि दुसऱ्या बाजूचे फेरे मोजावेत. एक बाजू धरल्यामुळे दुसरी दुप्पट फिरते, म्हणून आलेले फेरे निम्मे करावेत. हाच हिशेब जुन्या बॉक्सवर करून ताडावा. येथे फरक निघाला तर गाडीची ओढ बदलते आणि स्पीडोमीटरही चुकीचा वेग दाखवू शकतो.

जुळणी झाल्यावर बॉक्सची तब्येत पाहावी. तेल काढून बोटांवर चोळावे. पितळी चमक दिसली तर सिंक्रोनायझर रिंगा झिजल्या आहेत. पोलादाचे तुकडे आले तर गिअर किंवा बेअरिंग गेले आहे, असा बॉक्स मोफतही महाग पडतो. सर्व गिअर टाकून पाहावेत, शाफ्ट वर-खाली हलवून ढिलाई पाहावी.

कागदाकडेही दुर्लक्ष करू नये. आर.सी.वर चासी व इंजिनाचा क्रमांक असतो, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे चोरीच्या गाडीचा बॉक्स सहज खपवला जातो. बॉक्स ज्या गाडीतून निघाला तिचा चासी क्रमांक लिहिलेले पक्के बिल घ्यावे व जपून ठेवावे. माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असून तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बॉक्सबरोबर इंजिनही बदलायचे असेल तर आर.टी.ओ.ची परवानगी व नोंद लागते.

शेवटी सर्वात महत्त्वाची गोष्ट. गिअरबॉक्स हा बंद डबा आहे. त्यात काय आहे हे विकणाऱ्याला आणि मिस्त्रीला कळते, गिऱ्हाइकाला कळत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतून धान्य ओले निघाले. ओला माल वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणारा आपल्यापैकी नाही, असे स्पष्ट बजावले. आपल्या दुकानातील बंद बॉक्सला हाच नियम लागू आहे. बॉक्स कोणत्या गाडीचा, काय बदलले, कोणता गिअर आवाज करतो, हे बिलावर लिहून द्यावे. ऐब सांगितल्याने भाव थोडा कमी येईल, परंतु तो पैसा हलाल असेल. आणि तेच गिऱ्हाईक पुढच्या वेळी आपला भाऊ घेऊन आपल्याच दुकानात येईल.