उन्हाळ्यात रोपांना कोणते नत्र मानवते?

एप्रिल-मे महिन्यांत नारायणगाव आणि नाशिक परिसरात शेडनेटखाली टोमॅटोची रोपे वाढत असतात. पाणी पुरेसे असूनही ती पिवळी पडू लागली, की खत कमी पडल्याची शंका येते आणि युरियाची आणखी एक मात्रा दिली जाते. कडक उन्हात नेमका हाच उपाय रोपांच्या मुळावर येऊ शकतो.

वनस्पती जमिनीतून नत्र घेतात ते प्रामुख्याने नायट्रेट आणि अमोनियम या दोन रूपांत. युरियात ४६ टक्के नत्र असले, तरी जमिनीत आधी त्याचे अमोनियम बनते. वरवर पाहता अमोनियम हा स्वस्तातला सौदा. नायट्रेटचे अमोनियम करण्यासाठी रोपाला जी ऊर्जा खर्चावी लागते, ती येथे वाचते. मेख आहे ती पुढेच. अमोनियम पेशींत साचले, की विषासमान ठरते. म्हणून मुळांना ते तातडीने अमिनो आम्लांत गुंफावे लागते आणि त्यासाठी पानांकडून आलेली साखर लागते. नायट्रेटचे तसे नाही. ते पेशींत साठवता येते किंवा साखर जेथे तयार होते, त्या पानांकडे धाडता येते.

माती तापली, की मुळांचे श्वसन वाढते आणि ही साखर तेथेच खर्ची पडते. कोमट पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. अशा वेळी आलेले अमोनियम गुंफायचे कशाने? इस्रायलमधील शास्त्रज्ञ उझी काफकाफी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात टोमॅटो आणि स्ट्रॉबेरीवर प्रयोग केले. मुळांभोवतीचे तापमान ३० अंशांपलीकडे गेल्यावर केवळ अमोनियमवर पोसलेल्या झाडांची हानी झाली. नायट्रेटवरची झाडे मात्र तग धरून राहिली.

भात याला बऱ्याच अंशी अपवाद. पाणी साचलेल्या खाचरात नायट्रेट टिकतच नाही, त्यामुळे हे पीक अमोनियमला सरावलेले आहे.

नायट्रेट निर्दोष आहे, असेही नव्हे. ते पाण्याबरोबर सहज वाहून जाते, शिवाय अनुदानित युरियाच्या तुलनेत महाग पडते. मात्र रोपवाटिकेत लागणारे खत असते ते किती? सर्रास वापरल्या जाणाऱ्या १९:१९:१९ या विद्राव्य खतातील निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असते, हे पिशवीवरील तपशील वाचल्यावर लक्षात येते. कॅल्शियम नायट्रेटमधील जवळपास सर्व नत्र नायट्रेटच्याच रूपात मिळते. उन्हाळी रोपांना ते थोडे थोडे, सकाळच्या गारव्यात देणे अधिक सुरक्षित.